खाऱ्या पाण्यातली मगर: अंदमान आणि डार्विनच्या सहलीत पाण्यात कुठे उतरावं, कुठे नाही?

मुक्ता_पी

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आई-बाबा, नवरा आणि १० वर्षांचा मुलगा यांच्यासह अंदमानला जायचं ठरलंय. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि एक दिवस बाराटांग असा बेत आहे. पुढच्या जूनमध्ये बहिणीकडे उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनला जाऊ. तिथून गाडीने काकाडू आणि लिचफिल्ड ही राष्ट्रीय उद्यानं, त्यात दोन रात्री तंबूत. मुलाला पाणी दिसलं की उडी मारायची असते. दोन्हीकडे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत एवढं माहीत आहे, पुढचं नाही.

१. ही मगर नेमकी कुठे राहते? फक्त खाडीत, की समुद्रकिनाऱ्यावर आणि गोड्या पाण्यातही?
२. हॅवलॉकच्या किनाऱ्यांवर पोहणं, स्नॉर्केलिंग, कयाक यातलं काय करावं?
३. काकाडू-लिचफिल्डमधल्या धबधब्यांच्या डोहांत लोक पोहतात म्हणे. ते सुरक्षित असतं का?
४. तंबू पाण्यापासून किती लांब लावायचा?

---

खाजण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

खाऱ्या पाण्यातली मगर (शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पोरोसस) मिठाच्या पाण्यात तग धरू शकते, पण तिला मीठ लागतंच असं नाही. जिभेवरच्या ग्रंथींतून ती जादा मीठ बाहेर टाकते, म्हणून तिला समुद्र चालतो. पण खाडीचं मुख, कांदळवन, भरती पोचते तिथपर्यंतची नदी, तिच्याही वरचं गोडं पाणी, पूरमैदानातली तळी, दलदल या सगळ्या तिच्या राहण्याच्या जागा आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियात ती समुद्रापासून १०० किलोमीटरहून जास्त आत सापडते. त्यामुळे ‘इथलं पाणी गोडं आहे, म्हणजे ती नसणार’ हा हिशेब कधीच करू नका.

भारतात तिची वस्ती तीन ठिकाणी आहे: ओडिशातलं भितरकनिका, पश्चिम बंगालचं सुंदरबन आणि अंदमान-निकोबार. भितरकनिकात १९७५ साली मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा शंभरही मगरी नव्हत्या. जानेवारी २०२४ च्या गणनेत १,८११ मोजल्या गेल्या. भारताबाहेर श्रीलंका, म्यानमारचा इरावती त्रिभुज प्रदेश, बोर्निओ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा सगळा उत्तर किनारा. तिथे पश्चिमेला ब्रूमपासून पूर्वेला क्वीन्सलंडमधल्या ग्लॅडस्टनच्या आसपासपर्यंत मगरींचा मुलूख मानतात.

नर ५ मीटरपर्यंत सहज वाढतो, काही ६ मीटरच्याही पुढे जातात. मादी बहुधा ३ मीटरच्या आतबाहेर. सगळ्यात मोठा धोका ४ मीटरच्या वरच्या नरांचा, कारण त्यांच्या भक्ष्याच्या मापात मोठा माणूस सहज बसतो. लहान मुलासाठी मात्र दोन-अडीच मीटरची मगरही तितकीच घातक. ‘छोटीच होती’ म्हणून मुलाला जवळ जाऊ देऊ नका.

तिची शिकारीची पद्धत समजली की नियम आपोआप कळतात. ती पाठलाग करत नाही, दबा धरून बसते. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने बाकी शरीर पाण्याखाली राहतं, आणि माणूस पाहतोय असं वाटलं तर तेवढंही खाली जातं. मोठी मगर श्वास रोखून तासाहून अधिक काळ पाण्याखाली राहू शकते. पाणी गढूळ असेल तर गुडघाभर खोलीतही ती दिसत नाही. जबड्यांच्या कडेला बारीक ठिपक्यांसारखे संवेदनशील अवयव असतात, त्यांनी तिला पाण्यातली हालचाल अंधारातही कळते. मग शेपटीच्या जोरावर ती एका झेपेत काठावर येते. पकड बसली की खाली ओढते आणि स्वतःभोवती गरागरा फिरते.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. ती सवयी शिकते. रोज सकाळी एकाच घाटावर भांडी घासायला येणारी बाई, एकाच खडकावरून गळ टाकणारा माणूस, एकाच जागी पाणी प्यायला येणारं कुत्रं, हे सगळं ती बघून ठेवते. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणजे तिसऱ्या दिवशी होणार नाही असं नसतं. उलट तिसऱ्या दिवशी धोका वाढलेला असतो. भितरकनिकाभोवतीच्या गावांत वनखात्याने नदीघाटांना कुंपणं घातली ती याचसाठी.

---

रेतीबंदर

अंदमानबद्दल लिहितो.

पोर्ट ब्लेअरच्या आसपास दोन किनाऱ्यांची चौकशी तुम्ही करालच: कॉर्बिन्स कोव्ह आणि वंडूर. दोन्हीकडे मगरींच्या सूचनांचे फलक आहेत आणि पोहण्यासाठी जाळी लावून वेगळी केलेली जागा आहे. पोहायचं तर त्या जाळीच्या आतच. पण जाळी म्हणजे भिंत नव्हे. लाटांनी ती फाटते, तळाशी वाळू सरकली की खालून फट पडते. म्हणून उतरण्याआधी तिथल्या जीवरक्षकाला दोन प्रश्न विचारा: जाळी शेवटची कधी तपासली, आणि या आठवड्यात मगर दिसली का? जीवरक्षक जागेवर नसेल तर उतरू नका.

हॅवलॉकचा राधानगर किनारा सुंदर आहे, गर्दीही असते. त्याच्या एका टोकाला नील्स कोव्ह नावाची आत वळलेली खाडी आहे. पाणी शांत, हिरवं, वर झाडांची सावली, त्यामुळे मुलं तिकडेच ओढली जातात. एप्रिल २०१० मध्ये याच भागात स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने जीव घेतला. तोपर्यंत प्रवाळाजवळच्या स्वच्छ पाण्यात मगर येत नाही असा पुष्कळांचा समज होता. त्या कोव्हकडे मुलाला पाठवू नका. राधानगरला झेंडे लावून आखलेल्या भागात, जीवरक्षकासमोर, दिवसाउजेडी, कमरेपर्यंतच्या पाण्यात खेळा.

किनारा पारखायची सोपी रीत सांगतो. वाळूवर उभं राहून दोन्ही बाजूंना बघा. कुठे ओढा समुद्राला मिळतोय का? कांदळवन सुरू होतंय का? पाणी गढूळ किंवा चहाच्या रंगाचं आहे का? यातलं एकही असेल तर त्या बाजूला जायचं नाही. पाऊस पडून गेल्यावर तर अजिबात नाही, कारण पुराच्या पाण्याबरोबर मगरी ओढ्यांतून खाली येतात. ओल्या चिखलावर पोटाने घसरत गेल्याची रुंद, गुळगुळीत खूण आणि दोन्ही बाजूंना पंजे दिसले तर तिथून लगेच मागे फिरा.

बाराटांगला चुनखडीच्या गुहांकडे जाताना कांदळवनातून स्पीडबोट जाते. प्रवास चांगला आहे, घाबरायचं कारण नाही, पण हात बोटीबाहेर काढायचा नाही, पाण्यात बोटं बुडवायची नाहीत आणि फोटोसाठी उभं राहायचं नाही. मुलाला बोटीच्या मधल्या जागेवर बसवा आणि लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा. चढता-उतरताना धक्क्याच्या खालच्या, ओल्या पायऱ्यांवर रेंगाळू नका. बोट लागली की चढा, उतरलात की वर चला.

हॅवलॉकला रात्री कांदळवनात कयाक नेऊन चमकणारं पाणी दाखवतात. माझं मत स्पष्ट आहे: १० वर्षांच्या मुलाला घेऊन हे करू नका. मगर रात्री जास्त सक्रिय असते, कयाक पाण्यापासून वीतभर उंच, आणि जागा नेमकी तिच्या राहण्याची. आयोजक ‘आजवर काही झालेलं नाही’ म्हणतील. त्याचा अर्थ आजवर झालेलं नाही, इतकाच.

हॉटेलच्या मागे ओढा असेल आणि स्वयंपाकघरातलं मासळीचं, कोंबडीचं उरलंसुरलं तिथे टाकलं जात असेल तर मुलाला त्या बाजूला खेळू देऊ नका आणि व्यवस्थापकाला सांगा. असा कचरा पडत राहिला की मगर त्या जागेला धरून राहते.

---

मुक्ता_पी

खूप आभार, दोघांचेही. रात्रीचं कयाक रद्द. एक उपप्रश्न: मगर दिसली तर तिला पकडून लांब नेऊन सोडतात ना? मग ती जागा मोकळी झाली असं धरायचं का? आणि कोकणात, गोव्यातही खाडीत मगरी आहेत, त्या याच का?

---

खाजण

नाही, मोकळी धरायची नाही. क्वीन्सलंडमध्ये उपग्रहाला जोडलेलं यंत्र लावून मगरी दूर सोडून पाहिल्या आहेत. साडेचार मीटरचा एक नर केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पूर्वेकडून उचलून पश्चिम किनाऱ्यावर नेऊन सोडला. तो पूर्ण टोकाला वळसा घालून ४०० किलोमीटरहून जास्त अंतर पोहत २० दिवसांत परत मूळ नदीत आला. या मगरी समुद्राच्या प्रवाहावर स्वार होतात: प्रवाह अनुकूल असेल तेव्हा पोहतात, उलटा फिरला की किनाऱ्यावर किंवा तळाशी थांबतात. शिवाय मोठा नर हलवला की त्याने हाकलून ठेवलेले दुसरे नर त्या जागेवर येतात.

कोकण-गोव्यातल्या मगरी वेगळ्या. आज पश्चिम किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातल्या मगरीची वस्ती नाही. चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री, गोव्यातला कुंभारजुवे कालवा इथे दिसते ती दलदली मगर, म्हणजे आपली नेहमीची मगर. तीही मचूळ पाण्यात राहते, म्हणून गोंधळ होतो. गोव्यात पौष अमावास्येला खाजण जमिनीच्या काठी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात, तीही हीच.

फरक बघायचा असेल तर डोक्यामागे, मानेवर बघा. दलदली मगरीला तिथे चार मोठे, उठावदार खवले ओळीत असतात. खाऱ्या पाण्यातलीला ते बहुधा नसतात, मान गुळगुळीत दिसते, आणि डोळ्यांपासून नाकाकडे जाणाऱ्या दोन ठळक कडा असतात. पण हे फोटोवरून ओळखायचं. समोर असताना जात ओळखत बसू नका. दलदली मगरही माणसावर हल्ला करते, सांगली भागात कृष्णेकाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

टॉपएंडकर

डार्विनच्या बाजूचं मी सांगते. इथे सवय वेगळी लावून घ्यावी लागते, कारण संख्या फार मोठी आहे. कातड्यासाठी बेसुमार शिकार झाल्यावर १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्या प्रांतात आहे तिथे, तिला संरक्षण मिळालं. तेव्हा साधारण ३,००० उरल्या होत्या, आज अंदाज १ लाखाच्या घरात आहे. डार्विन बंदरातून दरवर्षी शेकड्यांनी मगरी सापळ्यांत पकडून काढतात, तरी नव्या येत राहतात.

इथला मूळ नियम असा: ‘इथे पोहायला सुरक्षित’ असा अधिकृत फलक नसेल तर पाणी मगरीचं समजायचं. धोक्याचा फलक नाही याचा अर्थ परवानगी नव्हे. फलक वाहून जातात, काही लोक आठवण म्हणून चोरतातही.

मुलाला पोहायला कुठे न्यायचं? डार्विन शहरात वॉटरफ्रंटचं लगून आणि लाटांचा तलाव, ईस्ट पॉइंटचं लेक अलेक्झांडर. समुद्रकिनाऱ्यावर पाय भिजवायचाही मोह टाळा. शहराबाहेर बेरी स्प्रिंग्ज आणि लिचफिल्डमधले बुली रॉकहोल, फ्लॉरेन्स फॉल्स, वांगी फॉल्स. जूनमध्ये कोरडा हंगाम असतो, म्हणजे बरोबर वेळ. पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुरामुळे मगरी कुठेही शिरतात. पूर ओसरला की वनरक्षक रात्री दिवे घेऊन पाहणी करतात, सापळे लावतात, आणि खात्री पटल्यावर डोह एकेक करून उघडतात. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी नॉर्दर्न टेरिटरीच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर ‘उघडं-बंद’ यादी बघा. आदल्या आठवड्यातली यादी चालत नाही.

उघडा डोह म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे. जुलै २०२३ मध्ये वांगी फॉल्सला, ऐन कोरड्या हंगामात, पोहणाऱ्या एका माणसाला मगर चावली. तो वाचला. ती फक्त २.४ मीटरची होती. तेव्हा डोहातही लोक जिथे आहेत तिथेच, दिवसा, मुलाला हाताच्या अंतरावर ठेवून पोहा. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री नाही. २००२ मध्ये काकाडूतल्या सँडी बिलाबाँगमध्ये (बिलाबाँग म्हणजे नदीपासून तुटून राहिलेलं तळं) रात्री पोहायला उतरलेल्या एका जर्मन तरुणीचा मृत्यू झाला, आणि काठावर धोक्याचा फलक होता. बरोबरचा वाटाड्या ‘इथे फक्त गोड्या पाण्यातल्या आहेत’ म्हणाला तरी रात्री उतरायचं नाही.

गोड्या पाण्यातली मगर हा इथला वेगळा प्रकार आहे: तोंड निमुळतं, अरुंद, आणि ३ मीटरच्या आत. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण डिवचली तर चावते. दोन्ही प्रकार एकाच पाण्यात असू शकतात, हीच खरी मेख.

काकाडूत काहिल्स क्रॉसिंगला नक्की जा. ईस्ट ॲलिगेटर नदीवरचा हा बुडीत पूल आहे. भरती चढताना मासे पुलावरून उलटे जातात आणि ते पकडायला डझनांनी मगरी जमतात. बघायची जागा मात्र वरचा सज्जा. काठावर उतरायचं नाही, खडकावर उभं राहून सेल्फी नाही, गळ टाकणाऱ्यांच्या जवळ नाही. हा पूल पायी ओलांडताना जानेवारी २०१७ मध्ये एक माणूस गेला. गाडीनेही ओलांडायचा विचार असेल तर भरतीचं वेळापत्रक बघा. पाणी चढलं की गाड्या घसरून नदीत जातात, आणि मग माणसांना मगरींमध्ये उतरावं लागतं. पलीकडे आर्नहेम लँड हा मूळनिवासींच्या मालकीचा प्रदेश आहे, तिथे जायला परवाना लागतो. तुमच्या कुटुंबासाठी अलीकडूनच बघणं पुरे.

जवळून बघायचं तर यलो वॉटर बिलाबाँगची सकाळची बोट घ्या. बोट मोठी, कठडे उंच. तरी मुलाला कठड्यावर रेलू देऊ नका.

आता अंतरं, कारण ‘लांब राहा’ म्हटल्याने काही कळत नाही:

पाण्याच्या कडेपासून निदान ५ मीटर. मुलाचा हात धरूनच काठाजवळ जा.

तंबू पाण्यापासून निदान ५० मीटर आणि भरतीच्या सर्वोच्च रेषेच्या २ मीटर तरी वर. नदी उथळ दिसते म्हणून वाळूच्या पट्ट्यावर तंबू लावू नका. गुरं किंवा जनावरं जिथे पाणी पितात ती जागाही सोडा.

भांडी काठावर धुवायची नाहीत, मासे काठावर साफ करायचे नाहीत, खरकटं पाण्यात टाकायचं नाही. बादलीने पाणी लागलंच तर उंच, मोकळ्या काठावरून, लांब दोरी बांधून काढा, दर वेळी जागा बदला आणि वाकून बसू नका. त्यापेक्षा गाडीत माणशी दिवसाला ५ ते ६ लिटर पिण्याचं पाणी भरूनच निघा, म्हणजे काठाला जायची गरजच पडत नाही.

गळ अडकला तर दोरी कापा. दहा डॉलरच्या आमिषासाठी पाण्यात पाय घालणारे लोक इथे दरवर्षी दिसतात.

रात्री काठाकडे टॉर्च मारायची असेल तर ती डोळ्यांच्या रेषेत धरा. मगरीचे डोळे लालसर चमकतात. एकही चमक दिसली नाही म्हणजे मगर नाही, असं मात्र समजू नका. ती पाण्याखाली असेल किंवा तोंड दुसरीकडे असेल.

---

मुक्ता_पी

हे छापून बहिणीला देते. मगर काठावर उन्हात पडलेली दिसली आणि आमच्याकडे वळली, तर नागमोडी पळायचं असं ऐकलंय. खरं आहे का?

---

टॉपएंडकर

नाही. नागमोडी पळाल्याने फक्त तुमचा वेग कमी होतो. जमिनीवर ती थोड्याच अंतरापुरती झेप घेते, पाठलाग करत नाही. सरळ, पाण्यापासून दूर, चढाच्या दिशेने पळा. मुलाला आधी उचला. आणि तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच उभं राहू नका, कारण घाबरली की ती पाण्याकडेच धावते.

आणखी एक. पालापाचोळा आणि गवताचा ढीग दिसला तर तो तिच्या घरट्याचा असू शकतो. त्यात ४० ते ६० अंडी असतात आणि मादी जवळच पाण्यात पहारा देत असते. पिल्लांचा चिवचिवाट ऐकू आला तरीही तेच समजा आणि आलात त्या वाटेनेच मागे जा. इथे घरटी पावसाळ्यात असतात, म्हणून जूनमध्ये शक्यता कमी. भितरकनिकाला कधी जाणार असाल तर तिथे याच कारणाने १ मे ते ३१ जुलै उद्यान पर्यटकांना बंद असतं.

---

डॉ_निशिगंध

वैद्यकीय बाजू थोडक्यात.

मगरीने पकडलंच तर शक्य तितका प्रतिकार करायचा: डोळ्यांत बोटं घालणं, नाकाच्या टोकावर मारणं. घशाच्या तोंडाशी पाणी अडवणारा पडदा असतो, हात आत असेल तर त्याला धक्का दिला की काही वेळा ती सोडते. काठावरच्या माणसाने स्वतः पाण्यात उडी मारू नये. काठी, वल्हं, दोर पुढे करावा.

सुटका झाल्यावर पहिलं काम रक्त थांबवणं. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टा आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. पट्टा मध्येच सैल करू नका. जखमी माणसाला आडवं ठेवा, अंग कोरडं करून पांघरूण घाला. भारतात ११२, ऑस्ट्रेलियात ०००. काकाडूत पुष्कळ भागात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा तिथे सॅटेलाइट फोन किंवा संकटसंदेश पाठवणारं बीकन भाड्याने घेऊन जा.

जखम छोटी दिसली तरी रुग्णालयात जायलाच हवं. दात खोल जातात आणि तोंडातले व पाण्यातले जंतू आत पेरून येतात. अशी जखम लगेच टाके घालून बंद करत नाहीत. आधी भरपूर धुतात, मृत ऊतक काढतात, आणि बहुतेक वेळा उघडी ठेवतात. डॉक्टरांना ‘खाडीच्या पाण्यात मगर चावली’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे पाण्यातल्या जंतूंवर चालणारी प्रतिजैविकं निवडता येतात. उत्तर ऑस्ट्रेलियातून परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर तिथल्या माती-पाण्यातून होणाऱ्या मेलिऑयडोसिसचा विचार व्हावा म्हणून तिथे जाऊन आल्याचं जरूर सांगा. आई-बाबांपैकी कोणाला मधुमेह असेल तर हे विशेष महत्त्वाचं. धनुर्वाताची लस सगळ्यांनी निघण्याआधीच अद्ययावत करून घ्या.

---

रेतीबंदर

अंदमानसाठी एक राहिलं. वंडूरहून जॉली बॉय बेटाला जाणार असाल तर तिथलं स्नॉर्केलिंग बोटवाल्याच्या माणसाबरोबर, प्रवाळावर, काठ नजरेत ठेवून करा आणि परत वंडूरला आल्यावर धक्क्याजवळ पाय धुवायला पाण्यात उतरू नका. बेटावरच्या स्वच्छ पाण्याने मन निवांत झालेलं असतं आणि वंडूरच्या खाडीत तो निवांतपणा चालत नाही. पाय धुवायला एक पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवा.